अपडेट घ्या, पण जुना एडिटर सोडू नका

पनवेल आणि आसपासच्या गावांत मराठी वेबसाइट चालवणारा माणूस बहुधा एकटाच असतो. साप्ताहिकाचा संपादकच बातमी लिहितो, फोटो कापतो आणि साइटवर चढवतो. शाळेत ज्या शिक्षकाला संगणक जमतो, त्याच्याकडे शाळेची साइट आपोआप येते. नवीन पनवेलमधले एखादे निवृत्त काका आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांचे वृत्तान्त नेमाने टाकत असतात, तर कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड पालथे घालणारी मुलं दर ट्रेकनंतर चार ओळी आणि चाळीस फोटो लावतात. या सगळ्यांचं काम मोठ्या प्रमाणात वर्डप्रेसवर चालतं. आणि लिहिण्याची पाटी एका अपडेटनंतर अचानक बदललेली दिसली की यांच्यातल्या अनेकांचं लिखाणच थांबतं.

ते थांबू नये असं मला मनापासून वाटतं, कारण या छोट्या साइटवर जे आहे ते दुसरीकडे फारसं मिळत नाही. इर्शाळगडाच्या वाटेवर लागणारी इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. तिथली घरं, अंगणं, पाणी देणारी माणसं आज जुन्या ट्रेकच्या नोंदींत आणि फोटोंत भेटतात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही गावं जागेवरून हलली. त्यांच्या देवळांचे, तळ्यांचे, जत्रांचे उल्लेख कुणीतरी कधीतरी हौसेने लिहून ठेवलेल्या पोस्टमध्ये सापडतात. म्हणून जुना एडिटर कसा टिकवायचा हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. लिहिणाऱ्याचा हात चालू राहणं आणि आधी लिहिलेलं न मोडणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

आधी नेमकं काय बदललं ते पाहू. वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती ६ डिसेंबर २०१८ रोजी आली. तिची तारीख त्याआधी दोनदा पुढे ढकलावी लागली होती, इतका त्या बदलावर वाद झाला. तोपर्यंतचा एडिटर हा वर्डच्या पानासारखा होता: वर बटणांची पट्टी, खाली एक मोठी मोकळी चौकट आणि उजव्या कोपऱ्यात ‘व्हिज्युअल’ व ‘टेक्स्ट’ असे दोन टॅब. नव्या एडिटरचं नाव गुटेनबर्ग, म्हणजे छपाईकलेच्या त्या जर्मन कारागिराचंच. त्यात प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र, प्रत्येक मथळा हा स्वतंत्र ब्लॉक असतो. मांडणी करणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण सलग आठशे शब्दांची बातमी टाइप करणाऱ्याला प्रत्येक परिच्छेदाभोवती उगवणाऱ्या पट्ट्या अडचणीच्या वाटतात. स्क्रीन रीडरच्या आधाराने काम करणाऱ्या दृष्टिहीन लेखकांचा प्रश्न तर याहून गंभीर होता. ‘डब्ल्यूपी कॅम्पस’ या संस्थेने करून घेतलेली तपासणी मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नव्या एडिटरमध्ये अशा वापरकर्त्यांना कुठे कुठे अडखळायला होतं ते त्यात तपशीलवार मांडलेलं होतं. त्यानंतर सुधारणा झाल्या. तरी जुनाच एडिटर हवा असं म्हणणाऱ्याला कुणी हटवादी म्हणू नये.

जुना एडिटर परत आणण्याचा रस्ता वर्डप्रेसनेच ठेवलेला आहे. ‘क्लासिक एडिटर’ नावाचं मोफत प्लगइन आहे आणि ते वर्डप्रेस बनवणारी मंडळीच सांभाळतात. सुरुवातीला त्यांनी २०२१ अखेरपर्यंतची हमी दिली होती. मुदत जवळ आली तेव्हा ती वाढवली, आणि हमीत ‘गरज असेपर्यंत’ असे शब्दही आहेत. पन्नास लाखांहून अधिक साइटवर ते चालू आहे, त्यामुळे ते एका रात्रीत नाहीसं होईल अशी धास्ती बाळगायचं कारण नाही.

ते बसवण्याआधी बॅकअप घ्या. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात एक खाचखळगा आहे. बॅकअप हाती आला की डॅशबोर्डमध्ये ‘प्लगइन्स’ आणि त्याखाली नवं प्लगइन जोडण्याचं पान उघडा. शोधाच्या चौकटीत ‘क्लासिक एडिटर’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका. याच्याशी मिळत्याजुळत्या नावांची बरीच प्लगइन दिसतील. नावाखाली लेखक म्हणून ‘वर्डप्रेस कॉन्ट्रिब्युटर्स’ असं लिहिलेलं असेल तेच घ्या. ‘इन्स्टॉल’ आणि मग ‘ॲक्टिव्हेट’ केलं की काम झालं. पुढची पोस्ट जुन्याच पाटीवर उघडेल. डॅशबोर्ड मराठीत ठेवला असेल तर बटणांची नावं भाषांतरित दिसतील, पण क्रम तोच असतो.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि खरी निवड मात्र अजून बाकी असते. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रायटिंग’ या पानावर आता दोन नवे प्रश्न आलेले असतात. सगळ्यांसाठी मूळ एडिटर कोणता, क्लासिक की ब्लॉक, हा पहिला. वापरकर्त्यांना एडिटर बदलू द्यायचा का, हो की नाही, हा दुसरा.

साइट तुम्ही एकटेच चालवत असाल तर पहिल्यात क्लासिक निवडा आणि दुसऱ्यात ‘हो’ ठेवा. मग पोस्टच्या यादीत प्रत्येक नावाखाली संपादनाचे दोन दुवे येतात, एक ब्लॉक एडिटरचा आणि एक क्लासिकचा, आणि पोस्ट शेवटची ज्या एडिटरमध्ये हाताळली असेल त्यातच ती पुढच्या वेळी उघडते. कधी एखाद्या विशेष पानासाठी नवा एडिटर वापरून पाहावासा वाटला तर दार बंद नसतं. पण साप्ताहिकासारख्या ठिकाणी, जिथे तीन-चार जण एकाच साइटवर मजकूर चढवतात, तिथे दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर द्या. एकाने बातमी क्लासिकमध्ये लिहायची, दुसऱ्याने ती ब्लॉकमध्ये उघडून फोटो लावायचा, तिसऱ्याने पुन्हा क्लासिकमध्ये शुद्धलेखन तपासायचं, असं सुरू झालं की मजकुराच्या पोटात कचरा साठत जातो.

हा कचरा म्हणजे काय ते समजून घ्या. ब्लॉक एडिटर प्रत्येक ब्लॉकच्या मागेपुढे एक अदृश्य खूण ठेवतो. वाचकाला ती दिसत नाही. क्लासिकच्या ‘व्हिज्युअल’ टॅबमध्ये तुम्हालाही दिसत नाही. ‘टेक्स्ट’ टॅब (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘कोड’) उघडला की मात्र कोनी कंसातल्या त्या खुणा दिसू लागतात. नवखा माणूस त्यांना केर समजून पुसतो, किंवा दोन परिच्छेद जोडताना त्यातली अर्धी खूण उडवतो. पुढे कधी ती पोस्ट ब्लॉक एडिटरमध्ये उघडली की ‘या ब्लॉकमध्ये अनपेक्षित मजकूर आहे’ अशा अर्थाची सूचना येते आणि दुरुस्तीचं बटण पुढे केलं जातं. त्या बटणाने बऱ्याचदा निभावतं. स्तंभ पाडलेलं पान किंवा फोटोंची मालिका असेल तर मात्र मांडणी विस्कटू शकते. म्हणून एक शिस्त पाळा: जी पोस्ट ज्या एडिटरमध्ये जन्मली, ती त्याच एडिटरमध्ये दुरुस्त करा.

उलट्या दिशेची भीती मात्र अनाठायी आहे. २०१८ च्या आधीची पोस्ट ब्लॉक एडिटरमध्ये चुकून उघडली तर ती एका अखंड ‘क्लासिक’ ब्लॉकमध्ये दिसते आणि तुम्ही काही बदलून जतन करेपर्यंत तिला धक्का लागत नाही. ‘कन्व्हर्ट टू ब्लॉक्स’ असं बटण वर दिसतं, तेवढं दाबू नका. दाबलं गेलंच तर घाबरू नका. वर्डप्रेस पोस्टच्या आधीच्या आवृत्त्या ‘रिव्हिजन्स’ म्हणून ठेवतं, त्यातली कालची उचलून परत लावता येते.

एडिटर जुना झाला तरी काही बटणं हरवलेली वाटतील. अधोरेखन आणि दोन्ही कडा सारख्या करणारं बटण शोधून लोक थकतात. ती बटणं गुटेनबर्गमुळे गेलेली नाहीत. डिसेंबर २०१६ च्या ४.७ या आवृत्तीतच ती पट्टीवरून काढली होती. ती हवी असतील आणि बातमीत निकालांचे तक्ते, मतांचे आकडे, परीक्षेच्या याद्या टाकायच्या असतील, तर ‘ॲडव्हान्स्ड एडिटर टूल्स’ हे प्लगइन सोबत घ्या. पूर्वी त्याचं नाव ‘टायनी एमसीई ॲडव्हान्स्ड’ होतं. त्यात तक्त्याचं बटण मिळतं आणि पट्टीवर कुठलं बटण कुठे ठेवायचं हेही ठरवता येतं. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोह मात्र टाळा. मराठीत लांब जोडशब्द असतात, फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ ताणली गेली की शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

जुलै २०२१ मध्ये ५.८ आवृत्तीने बाजूच्या पट्टीतल्या विजेट्सची पाटीही ब्लॉकची केली. एडिटर परत आणला तरी तो बदल तसाच राहतो. त्यासाठी ‘क्लासिक विजेट्स’ नावाचं वेगळं अधिकृत प्लगइन आहे. पट्टीत जाहिराती लावणाऱ्या साप्ताहिकांना ते लागेल. थीमच्या बाबतीतही सावध राहा: वर्डप्रेसच्या मूळ थीमपैकी ‘ट्वेन्टी ट्वेन्टी-वन’पर्यंतच्या जुन्या धाटणीच्या आहेत, ‘ट्वेन्टी ट्वेन्टी-टू’पासून पुढच्या पूर्णपणे ब्लॉकवर उभ्या आहेत. नव्या थीमची चित्रं पाहून भुलून ती लावली, तर वरची पट्टी नि मेनू बदलायला ब्लॉक एडिटरकडेच जावं लागेल, आणि क्लासिक एडिटर तिथे तुमच्या मदतीला येणार नाही.

काय करू नये

जुना एडिटर हवा म्हणून वर्डप्रेस जुनंच ठेवायचं, हा मार्ग मी पाहत आलो आहे आणि तो फार महागात पडतो. ‘४.९ छान चाललंय, अपडेटला हात लावू नका’ असं सांगून जाणारा ओळखीचा मुलगा नंतर फोन उचलत नाही. जुन्या आवृत्तीतली भोकं सगळ्या जगाला ठाऊक असतात. ती शोधत फिरणाऱ्या यंत्रांना साइट मोठी की छोटी याची फिकीर नसते. एक दिवस शाळेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात, शोधयंत्र साइटवर धोक्याचा शिक्का मारतं आणि पालक विचारू लागतात. शिवाय वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची जुनी आवृत्ती होस्टिंगवाले कधीतरी बंद करतातच. वर्डप्रेस ६.६ ला किमान पीएचपी ७.२.२४ लागते, जुन्या वर्डप्रेसची जुनी प्लगइन नव्या पीएचपीवर चालत नाहीत आणि साइटच्या जागी पांढरं पान उरतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा: वर्डप्रेस ताजं, पीएचपी ताजी, आणि त्यावर क्लासिक एडिटर. हाताला जुनी पाटी हवी आहे, तिच्याखालचा पाया जुना असण्याची गरज नाही.

अपडेटनंतर साइट कोसळलीच तर मे २०१९ च्या ५.२ पासून एक सोय आहे. कुठल्या प्लगइनमुळे गडबड झाली ते सांगणारं पत्र आणि सुरक्षितपणे आत शिरण्याचा दुवा वर्डप्रेस ई-मेलने पाठवतं. ते पत्र कुठे जातं? ‘सेटिंग्ज’च्या ‘जनरल’ पानावर लिहिलेल्या प्रशासकाच्या पत्त्यावर. शाळांच्या आणि मंडळांच्या साइटवर हा पत्ता हमखास बदली झालेल्या सरांचा, निवृत्त कार्यवाहांचा किंवा साइट बनवून दिलेल्या माणसाचा असतो. अपडेट घेण्याआधी तो पत्ता आपला, रोज उघडला जाणारा आहे का, हे पाहून घ्या. होस्टिंगचं खातं आणि डोमेनचं खातं कुणाच्या नावावर आहे हेही याच वेळी तपासा. ती बाब एडिटरपेक्षा मोठी आहे.

‘क्लासिकप्रेस’ हे नावही कानावर पडेल. गुटेनबर्ग नको असलेल्यांनी वर्डप्रेस ४.९ च्या पायावर सुरू केलेली ती वेगळी शाखा आहे. जुना एडिटर तिच्यात अंगभूतच आहे आणि ती जुनाट ठेवलेलीही नाही. कल्पना मला आवडते. पण नव्या वर्डप्रेससाठी बनलेली प्लगइन तिच्यावर चालतीलच असं नसतं, आणि अडचण आली तर पनवेलमध्ये ती सोडवणारा माणूस मिळणं कठीण. स्वतः तांत्रिक बाजू सांभाळू शकत असाल तरच त्या वाटेला जा.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

कविता, अभंग, भारूड, जात्यावरच्या ओव्या टाकणाऱ्यांसाठी जुना एडिटर खरोखर सोयीचा आहे, फक्त एक कळ लक्षात ठेवायची. ‘व्हिज्युअल’ टॅबमध्ये नुसतं एंटर दाबलं तर नवा परिच्छेद होतो आणि दोन चरणांत मोठी फट पडते. शिफ्ट धरून एंटर दाबलं की ओळ तुटते, कडवं अखंड राहतं. ‘टेक्स्ट’ टॅबमध्ये ओळीखाली ओळ लिहिली तर वर्डप्रेस स्वतःच ती तशी दाखवतं. एक रिकामी ओळ सोडली की नवं कडवं. गुटेनबर्गमध्ये कवितेसाठी ‘व्हर्स’ नावाचा वेगळा ब्लॉक आहे, तोही वाईट नाही. पण जुन्या शंभर कविता ‘ब्लॉकमध्ये रूपांतर’ करून त्यात न्यायला जाऊ नका. त्या परिच्छेद म्हणून रूपांतरित होतील आणि मग प्रत्येक हातानं निस्तरावी लागेल.

दुसरी अडचण अर्ध्या ‘र’ची आहे आणि ती अपडेटच्या वेळी उघडी पडते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांतला तो र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. या अदृश्य चिन्हाला काही साफसफाई करणारी प्लगइन कचरा समजून काढतात, कधी मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेताना ते गळतं, आणि पानावर ‘दुसर्या’, ‘तर्हा’ उमटतं. साइट हलवली, डेटाबेस बदलला किंवा मजकूर स्वच्छ करणारं काही बसवलं, की वरचे चार शब्द साइटच्या शोधात टाकून पाच-दहा जुन्या पोस्ट डोळ्यांखालून घाला. पुढच्या लिखाणासाठी मात्र ऱ असलेली पहिली पद्धतच वापरा. तीत गळण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट पोस्टच्या पत्त्याची. जुन्या एडिटरमध्ये हा पत्ता मथळ्याच्या लगेच खाली दिसतो, ही त्याची मोठी सोय. मथळा मराठीत लिहिला की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच बनवतं, पण साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ वर्ण होतात. जागा दोनशे वर्णांची. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजायची. ‘कर्नाळा’ या एका शब्दातच सात चिन्हं गेली. लांब मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो तो यामुळे. नव्या पोस्टला दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता स्वतः द्या, हवा तर रोमन अक्षरांत. जुन्या पोस्टचे पत्ते मात्र तुटके दिसले तरी तसेच राहू द्या. कुणाच्या व्हॉट्सॲपवर, कुणाच्या संशोधनाच्या टिपणात तो दुवा पडून असतो.

डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर हा वेगळाच विषय आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फाँटमध्ये बसवलेला मजकूर कुठल्याही एडिटरमध्ये चिकटवला तरी इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसेल. तो दोष एडिटरचा नसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग साध्या नोटपॅडमध्ये टाका, तिथून एडिटरमध्ये. थेट वर्डमधून चिकटवाल तर फाँटचा आकार, रंग, समास अशी नको ती ओझी पोस्टमध्ये शिरतात. क्लासिकच्या पट्टीवर ‘पेस्ट ॲज टेक्स्ट’चं बटण याचसाठी आहे, पट्टीची दुसरी ओळ उघडली की ते सापडतं.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम

वर सांगितलेलं सगळं स्वतःच्या होस्टिंगवर साइट असणाऱ्यांसाठी आहे. मराठीत लिहिणारी पहिली मोठी पिढी मात्र गुगलच्या ब्लॉगरवर वाढली, आणि तिथे चित्र वेगळं आहे. जून २०२० पासून ब्लॉगरने नवी पाटी सर्वांना द्यायला सुरुवात केली. काही काळ डाव्या बाजूला जुन्याकडे परतण्याचा दुवा होता. तोही पुढे काढला. आता ब्लॉगरवर जुना एडिटर मिळवण्याचा कोणताही खरा मार्ग नाही, आणि तसा दावा करणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन दिसलं तर ते बसवू नका. तुमच्या गुगल खात्याच्या आत शिरायला त्याला जागा मिळते.

तिथे करण्यासारखं एवढंच: लिखाण नोटपॅडमध्ये पूर्ण करा, एडिटरमध्ये फक्त चिकटवा आणि फोटो लावा. पोस्टच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘कंपोझ’ आणि ‘एचटीएमएल’ दृश्यांमध्ये जाण्याची सोय अजून आहे, तिच्या आधाराने विस्कटलेल्या ओळी सरळ करता येतात. जुन्या पोस्टमध्ये एका शब्दाची दुरुस्ती करायची असेल तर ती एचटीएमएल दृश्यातच करा, म्हणजे बाकीच्या मांडणीला हात लागत नाही. आणि ‘सेटिंग्ज’मधल्या ‘मॅनेज ब्लॉग’ विभागातून ‘बॅकअप’ उतरवून घ्या. ही एक्सएमएल फाइल वर्डप्रेसमध्ये आयात करता येते, त्यामुळे जुना एडिटर हवाच असेल तर ब्लॉगरवरून स्वतःच्या वर्डप्रेसवर येणं हा उपाय उरतो. दहा-पंधरा वर्षांचं लिखाण असेल तर तो विचार जरूर करा.

वर्डप्रेस डॉट कॉमवर साइट असेल तर प्लगइन बसवण्याची मुभा तुमच्या योजनेत आहे का, यावर सगळं अवलंबून. असेल तर वरचीच कृती. नसेल तर ब्लॉक एडिटर उघडून अधिकचं चिन्ह दाबा, ‘क्लासिक’ शोधा आणि तो एकच ब्लॉक ठेवून सगळा मजकूर त्यात लिहा. जुन्या बटणांची पट्टी तिथे मिळते. अगदी तीच पाटी नव्हे, पण हाताला ओळखीची. फक्त शेवटी रूपांतराचं बटण दाबायचं नाही.

बॅकअप

आता राहिलेला बॅकअप. ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट’ने सगळा मजकूर एका फाइलमध्ये मिळतो आणि लोकांना वाटतं साइट हातात आली. त्या फाइलमध्ये लेख असतात, प्रतिक्रिया असतात. फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. साइट बंद पडली तर त्या पत्त्यांचा उपयोग नाही. फोटो ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये वर्ष आणि महिन्यानुसार ठेवलेले असतात. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ते फोल्डर वेगळं उतरवावं लागतं. तिसरी गोष्ट डेटाबेसची प्रत. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती काढण्याची सोय असते, किंवा ‘अपड्राफ्टप्लस’सारखं प्लगइन डेटाबेस आणि फोल्डर दोन्ही एकदम काढून गुगल ड्राइव्हवर ठेवतं.

आणि मराठीचा खाचखळगा इथे आहे. डेटाबेसची प्रत चुकीच्या अक्षरसंचाने काढली किंवा परत लावली गेली, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उरतात. इंग्रजी साइटवाल्याला हे कळतही नाही, कारण त्याची अक्षरं शाबूत राहतात. प्रश्नचिन्ह झालेलं मराठी अक्षर परत येत नाही, ते कायमचं गेलं. वर्डप्रेसने २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हा संच स्वीकारला आहे. साइट त्याहून जुनी असेल तर होस्टिंगवाल्याला डेटाबेसच्या सगळ्या तक्त्यांचा संच कोणता आहे ते आधी विचारा. ‘लॅटिन-१’ असं उत्तर आलं तर अपडेट, स्थलांतर, काहीही करण्यापूर्वी जाणकाराकडून ते नीट करून घ्या.

उतरवलेली फाइल संगणकावर उघडून पाहा. एखाद्या जुन्या पोस्टमधलं गावाचं नाव, समजा वाघिवली, त्या फाइलमध्ये शोधा. शब्द मराठीत वाचता आला तर प्रत कामाची आहे. वाचता येत नसेल तर अपडेटचं बटण त्या दिवशी दाबू नका.